पत्र वाचून औषध सांगणारं रेडिओ केंद्र : केएफकेबीच्या परवान्याचं प्रकरण

१३ जून १९३० रोजी अमेरिकेच्या फेडरल रेडिओ आयोगाने एका रेडिओ केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारलं. कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड गावचं हे केंद्र. नाव केएफकेबी, ताकद पाच किलोवॅट. त्याच सुमारास एका रेडिओ मासिकाच्या वाचकांनी त्याला देशातलं सर्वांत लोकप्रिय केंद्र म्हणून कौल दिला होता. म्हणजे ऐकणारे खूश होते, जाहिरातदार पैसे मोजत होते, यंत्रसामग्री ठाकठीक होती. तरी परवाना गेला, आणि गेला तो माइकवरून जे बोललं जात होतं त्यामुळे.

प्रसारणाच्या परवान्यांवर आपल्याकडे वाद पेटला की दोन गट लगेच समोरासमोर येतात. एक म्हणतो, खोटं पसरवणाऱ्यांचे परवाने काढून घ्या. दुसरा म्हणतो, परवान्याच्या दोरीने सरकार उद्या खरं बोलणाऱ्याचाही गळा आवळेल. केएफकेबीच्या प्रकरणात दोन्ही गटांना आपापला पुरावा सापडतो. म्हणूनच ते निष्कर्षापुरतं न वाचता तपशिलात वाचायला हवं.

मिलफर्डचा डॉक्टर

केंद्राचा मालक जॉन ब्रिंकली. जन्म १८८५, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातला. शिकागोत त्याने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, पण ते अर्धवट सोडलं. नंतर कॅन्सस सिटीच्या एका कॉलेजातून १९१५ मध्ये पदवी मिळवली. हे कॉलेज पुढे पदव्या विकणारं म्हणून बदनाम झालं. १९१७ मध्ये तो मिलफर्डला आला तेव्हा गावाची वस्ती होती दोनेकशे.

तिथे त्याने एक शस्त्रक्रिया सुरू केली. बोकडाच्या वृषणग्रंथींचे तुकडे पुरुषाच्या अंडकोशात बसवायचे आणि गेलेलं पौरुष परत येतं असं सांगायचं. शुल्क ७५० डॉलर. त्या काळात फोर्डची नवी मोटारगाडी याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळायची. एका प्राण्याची ग्रंथी दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात अशी रुजत नाही, हे तेव्हाच्या शरीरशास्त्रालाही ठाऊक होतं. शरीर ते मांस शोषून घेतं किंवा तिथे पू होतो. पण ज्या दुखण्याबद्दल माणूस चारचौघांत बोलू शकत नाही, त्याच्यावरचा उपाय फसला तरी तो बोलत नाही. लाज हीच या धंद्याची ढाल होती. आपल्याकडच्या गुप्तरोगांच्या जाहिरातींचा धंदाही याच लाजेवर चालत आला आहे. १९५४ सालच्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी घातली, त्यामागेही हेच कारण होतं.

ब्रिंकलीने गावासाठी बरंच केलं, हेही सांगायला हवं. दवाखाना बांधला, वीज आणली, पदपथ केले, बेसबॉलचा संघ पोसला. मिलफर्डमध्ये त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस सहजासहजी मिळाला नसता.

१९२२ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरी चँडलर यांच्या बोलावण्यावरून तो तिकडे गेला. चँडलर यांचं स्वतःचं रेडिओ केंद्र त्याच वर्षी सुरू झालं होतं. ब्रिंकलीने ते पाहिलं आणि काय हाती लागू शकतं ते ओळखलं. वैद्यकीय संघटनेच्या नियमांनी डॉक्टरला जाहिरात करायची मनाई होती. हवेतून बोलायला कुणाची मनाई नव्हती. १९२३ मध्ये मिलफर्डला केएफकेबी सुरू झालं. त्यावर बाजारभाव, हवामान, प्रवचनं, फिडलवाद्यांचं वादन असं सगळं असायचं, आणि मध्ये मध्ये डॉक्टर स्वतः बोलायचे. शेजारचं घर मैलभर दूर असलेल्या कॅन्ससच्या शेतकऱ्याला ही सोबत किती मोलाची वाटत असेल, हे आपल्याकडे आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नंबर ८०, नंबर ५०, आणि ६४

‘मेडिकल क्वेश्चन बॉक्स’ हा कार्यक्रम दिवसातून तीनदा, प्रत्येकी अर्धा तास चालायचा. श्रोत्यांनी पत्रं लिहायची; डॉक्टर ती वाचून निदान करणार आणि औषध सांगणार. औषधांना नावं नव्हती, फक्त नंबर होते.

परवाना नाकारल्यावर केंद्र अपिलात गेलं. त्या अपील न्यायालयाच्या निकालपत्रात या कार्यक्रमातले काही उतारे जसेच्या तसे आहेत. एका पत्राबद्दल ब्रिंकली म्हणतो, त्याला बहुधा पित्ताशयात खडे असावेत. नाही, तसं नाही म्हणायचं मला, मूतखडे म्हणायचंय. त्याला पुरुषांसाठीचा नंबर ८० आणि ५० द्या, शिवाय ६४. आणि पाणी भरपूर प्यायला सांगा. दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या आणि मूल हवं असलेल्या एका बाईला तो स्त्रियांसाठीच्या टॉनिकचे ५०, ६७ आणि ६१ हे नंबर एकत्र, तीन महिने न चुकता घ्यायला सांगतो.

ही दोन उदाहरणं मी मुद्दाम दिली. पित्ताशयाचे खडे की मूतखडे, याचा निर्णय हजारो लोक ऐकत असताना, बोलता बोलता, रुग्णाला हातही न लावता बदलतो. पोटात दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक जीवावर बेतू शकतो. आणि ऐकणारा एकटा तो रुग्ण नसतो. तशीच लक्षणं असलेले दुसरे शेकडो जण तेच नंबर टिपून घेत असतात.

पैशांची वाट निकालपत्रात उघडी पडली आहे. ब्रिंकलीने औषधविक्रेत्यांची एक संघटना उभी केली होती. तिच्या सभासदांनीच ही नंबरांची औषधं विकायची आणि विक्रीवर ठरलेली रक्कम संघटनेकडे भरायची. तो पैसा रेडिओ केंद्राकडे येई. १९३० च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तीन महिन्यांत केंद्राला या संघटनेकडून सुमारे २७,८५६ डॉलर मिळाले, ब्रिंकलीच्या दवाखान्याकडून ६,५००, आणि बाकी सगळ्या जगाकडून साडेतीन हजारांच्या आसपास. माझ्या मते या प्रकरणाचा कणा या आकड्यांत आहे. डॉक्टर, दवाखाना, औषधसंघटना आणि रेडिओ केंद्र अशा चार पाट्या होत्या, पण गल्ला एकच होता.

नंबर देण्यामागेही हिशेब होता. बाटलीत काय आहे हे रुग्णाला कळत नाही, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला कळत नाही, आणि तीच वस्तू दुसऱ्या दुकानात स्वस्तात मागता येत नाही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी ब्रिंकलीवर उघड टीका सुरू केली. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने एकापाठोपाठ एक बातम्या छापल्या. आणि मार्च १९३० मध्ये केंद्राने परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केला, तेव्हा प्रकरण आयोगापुढे आलं.

कायद्यात होतं काय

१९२६ मध्ये एका न्यायालयाने ठरवलं की, तेव्हाच्या कायद्यानुसार वाणिज्यमंत्र्याला कोणत्या केंद्राने कोणती फ्रिक्वेन्सी वापरावी हे ठरवायचा अधिकार नाही. त्यानंतर काही महिने ज्याला जी हवी ती फ्रिक्वेन्सी त्याने वापरली आणि एकमेकांच्या आवाजात सगळ्यांचेच आवाज बुडाले. त्यातून १९२७ चा रेडिओ कायदा आला. हवेतल्या लहरींवर कुणाची खासगी मालकी नाही, परवाना ठरावीक मुदतीचा, आणि तो देताना एकच कसोटी : ‘सार्वजनिक हित, सोय किंवा गरज’. अंमलबजावणीला पाच सदस्यांचा आयोग.

याच कायद्याच्या २९ व्या कलमात मात्र स्पष्ट लिहिलं होतं की आयोगाला सेन्सॉरशिपचा अधिकार नाही. अश्लील भाषेला बंदी होती, संकटात सापडल्याचा खोटा संदेश पाठवायला बंदी होती. पण केंद्रावरून सांगितलं जाणारं खरंच असलं पाहिजे असं कलम कुठेही नव्हतं. मग खोटं बोलणाऱ्या केंद्राला कुठे धरायचं?

आयोगाने जी वाट काढली ती नीट पाहण्याजोगी आहे. बोकडाची ग्रंथी काम करते की नाही, हा प्रश्न त्याने निकालाचा आधार केलाच नाही. त्याने विचारलं, हे केंद्र कुणासाठी चालतं? पुरावा सांगत होता की ते केवळ ब्रिंकलीच्या व्यक्तिगत फायद्यासाठी चालतं. परवानाधारकाने सेवेच्या मोबदल्यात पैसे मिळवण्यात गैर काही नाही, असं आयोगाने मान्य केलं. पण श्रोत्याचं हित सगळ्यात वर, ते मालकाच्या हिताखाली दडपता येणार नाही. पुढे म्हटलं, कधी न पाहिलेल्या रुग्णाला त्याच्या पत्रातल्या लक्षणांवरून उपचार सांगणं सार्वजनिक आरोग्याला आणि सुरक्षिततेला घातक आहे. आणि तिसरं असं की, एकेका माणसाला उद्देशून निरोप देणं हे प्रसारण नव्हेच.

श्रोत्याच्या हिताबद्दलचं ते वाक्य मला या सगळ्या कागदपत्रांतलं सर्वांत मोलाचं वाटतं. खरं-खोटं ठरवणारा आयोग कुणालाच नको असतो. पण सार्वजनिक लहर उसनी घेतलेल्या माणसाने ती कुणाच्या भल्यासाठी वापरली, हे तपासता येतं. त्याला वह्या असतात, पावत्या असतात, ध्वनिक्षेपणाचे उतारे असतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर सार्वजनिक हितासाठी झाला पाहिजे असं सांगितलं, ते याच जातीचं विधान आहे. त्या निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली होती : नियंत्रण सरकारच्या हाती न राहता स्वायत्त सार्वजनिक संस्थेकडे असावं. खासगी वाहिन्यांच्या बाबतीत ती संस्था अजून उभी राहिलेली नाही. कार्यक्रमसंहिता मोडली की नाही हे आजही माहिती व प्रसारण मंत्रालयच ठरवतं.

सुनावणी

मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली. विरोधात डॉक्टर उभे राहिले, बाजूने समाधानी रुग्ण. केंद्राच्या वकिलांना विरुद्ध पुरावा काय आहे ते माहीत होतं, साक्षीदारांना प्रश्न विचारता आले, आणि निर्णय कारणांसह लिहून दिला गेला. निर्णय एकमताचा नव्हता ही गोष्टही माझ्या लेखी आयोगाच्या विरोधात न जाता त्याच्या बाजूने जाते. पाचपैकी दोघांना पटलं नाही आणि ते तसं नोंदवू शकले.

याची किंमत कळायला केरळमधल्या मीडियावन वाहिनीचं प्रकरण शेजारी ठेवून पाहावं. तिची दहा वर्षांची परवानगी सप्टेंबर २०२१ मध्ये संपली. गृहमंत्रालयाने सुरक्षामंजुरी नाकारली, आणि ३१ जानेवारी २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने परवानगी रद्द केली. का, ते वाहिनीला सांगितलं नाही. कारणं बंद लिफाफ्यातून न्यायालयाला दिली, आणि केरळ उच्च न्यायालयाने ती पाहून सरकारचं म्हणणं मान्य केलं. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं फिरवलं. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की न्याय्य सुनावणीची गरज संपत नाही, आणि सरकारवर टीका करणाऱ्या वाहिनीला तेवढ्यावरून व्यवस्थाविरोधी ठरवता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ब्रिंकलीसारख्या माणसालाही १९३० मध्ये जे मिळालं होतं, ते इथल्या एका वृत्तवाहिनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मिळालं. ही खेदाची गोष्ट आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

अपील न्यायालय काय म्हणालं

२ फेब्रुवारी १९३१ रोजी कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. केंद्राचा मुख्य मुद्दा होता की कार्यक्रमातल्या मजकुरावरून परवाना नाकारणं म्हणजेच सेन्सॉरशिप. न्यायालयाने उत्तर दिलं : प्रक्षेपणाआधी कुठलाही मजकूर तपासायची मागणी आयोगाने केलेली नाही. परवाना पुन्हा द्यायचा की नाही हे ठरवताना आजवरच्या वागणुकीची दखल घेणं हा त्याचा अधिकार आहे, आणि त्याला सेन्सॉरशिप म्हणत नाहीत. ‘त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल’ हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाक्यही न्यायालयाने उद्धृत केलं.

आधी तोंड दाबणं वेगळं आणि नंतर हिशेब मागणं वेगळं, हा भेद मला पटतो. पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे आणि ते वाचताना मी दर वेळी अडखळतो. फ्रिक्वेन्सी मर्यादित असल्यामुळे प्रत्येक धंद्याला किंवा प्रत्येक विचारधारेला लहरींवर जागा नाही, हे उघडच आहे, अशा अर्थाचं ते आहे. धंद्याबद्दल ठीक. विचारधारा तिथे यायचं काही कारण नव्हतं. मूतखड्याच्या औषधाचा आणि विचारधारेचा संबंध काय?

हे भय कल्पनेतलं नव्हतं. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, आयोगाने लॉस एंजेलिसच्या केजीईएफ या केंद्राचं नूतनीकरण नाकारलं. ते ट्रिनिटी मेथडिस्ट चर्चचं केंद्र; रॉबर्ट शुलर नावाचे पाद्री त्यावरून बोलत. कॅथलिक आणि ज्यू लोकांवर ते गरळ ओकत, हे खरं. पण शहरातल्या न्यायाधीशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावरही तेच तुटून पडत, आणि त्यातलं सगळं खोटं नव्हतं. १९३२ मध्ये त्याच अपील न्यायालयाने परवाना नाकारणं योग्य ठरवलं आणि केएफकेबीच्या निकालाचा आधार घेतला. भोंदू डॉक्टरसाठी घडवलेलं हत्यार वर्षभरात टीकाकारावर चाललं. आणि जून १९३१ मध्येच, मिनेसोटातल्या एका वृत्तपत्राच्या प्रकरणात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छापील मजकुरावर पूर्वबंदी घालता येणार नाही असा निकाल दिला होता. ते वृत्तपत्रही ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं आणि अधिकाऱ्यांवर आरोप करणारंच होतं. कागदाला जे संरक्षण मिळालं ते लहरीला मिळालं नाही.

पुढे, १९३४ मध्ये रेडिओ आयोगाच्या जागी आलेल्या फेडरल दळणवळण आयोगाने स्वतःहूनच हात आखडता घेतला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीच्या एका माहितीपटात, उपासमारीने दगावलेलं म्हणून दाखवलेलं बाळ प्रत्यक्षात अपुऱ्या दिवसांचं होतं असं उघड झालं. तक्रारी आल्या. आयोगाने १९६९ मध्ये भूमिका घेतली की आपण राष्ट्राच्या वतीने सत्याचा निवाडा करणारे नाही. मुद्दाम विपर्यास केल्याचा बाहेरचा पुरावा, म्हणजे बातमीदाराला दिलेली लाच किंवा वरून आलेली लेखी सूचना असं काही, असेल तरच लक्ष घालू. केवळ चूक झाली किंवा केवळ एकतर्फी होतं एवढ्यावर नाही. पत्रकारितेच्या बाबतीत ही रेषा मला योग्य वाटते. औषधाच्या बाबतीत ती पुरेशी नाही.

मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला तथ्यतपासणी कक्षाचा वाद इथे आठवतो. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी की खरी हे ठरवायचा अधिकार सरकारच्याच कक्षाला दिला होता. कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरवला. राज्यघटनेच्या १९(२) कलमात भाषणस्वातंत्र्यावर बंधनं घालायची जी कारणं दिली आहेत त्यात ‘खोटेपणा’ हे कारण नाहीच. बदनामी आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, चिथावणी आहे. खोट्याने कुणाचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं. मिलफर्डच्या प्रकरणात आयोगाने ते दाखवलं होतं.

लोकांचा कौल

परवाना जाण्याच्या बेतात असताना कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळानेही सुनावणी घेतली. मंडळाचे सदस्य सप्टेंबरमध्ये मिलफर्डला जाऊन शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहून आले. ब्रिंकलीने सह्या केलेले बेचाळीस मृत्यूचे दाखले समोर आले. त्यातले अनेक जण दवाखान्यात आले तेव्हा आजारीही नव्हते. मंडळाने त्याचा वैद्यकीचा परवाना रद्द केला.

काही दिवसांतच तो राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. मतपत्रिकेवर नाव छापून यायची मुदत टळली होती, म्हणून मतदारांनी हाताने नाव लिहायचं. अपील चालू असल्यामुळे केएफकेबी अजून त्याच्या हातात होतं, आणि नाव कसं लिहायचं हे तो त्यावरून रोज शिकवत होता. निवडणुकीच्या तोंडावर महाधिवक्त्याने जाहीर केलं की ‘जे. आर. ब्रिंकली’ असं अचूक लिहिलेली मतंच मोजली जातील. हजारो मतपत्रिका बाद झाल्या. तरी त्याला १,८३,२७८ मतं पडली. निवडून आलेल्या हॅरी वुडरिंग यांना २,१७,१७१ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या फ्रँक हॉक यांना २,१६,९२०.

या आकड्यांवरून लोक मूर्ख होते असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांना रोज त्यांच्याशी बोलणारा एकच आवाज माहीत होता, आणि शहरातले डॉक्टर, मोठं वृत्तपत्र आणि वॉशिंग्टनचं सरकार मिळून तो बंद करत आहेत असं त्यांना दिसलं. परवाना नाकारल्याने खोटं उघडं पडत नाही. अनेकांच्या मनात ते हुतात्मा होतं. हाताने लिहिलेली मतं ज्या रीतीने बाद केली गेली त्याने तर तो समज पक्काच झाला असणार. भोंदूला हरवायला आडवाटेचा नियम काढणं, ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक.

नदीपलीकडे

फेब्रुवारी १९३१ मध्ये केएफकेबी विचिटाच्या एका विमा कंपनीला विकलं गेलं. ब्रिंकली टेक्सासच्या डेल रिओ गावी गेला. रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे, मेक्सिकोतल्या व्हिया अकुन्याला, त्याने एक्सईआर केंद्र उभं केलं. ऑक्टोबर १९३१ मध्ये ते पन्नास किलोवॅटवर सुरू झालं. पुढे एक्सईआरए या नावाने पाचशे किलोवॅटपर्यंत गेलं. मिलफर्डच्या शंभर पट. अमेरिका आणि कॅनडाने चांगल्या फ्रिक्वेन्सी आपसांत वाटून घेऊन मेक्सिकोला काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे सीमेवरच्या अशा केंद्रांना परवाने द्यायला मेक्सिकोला वावगं वाटलं नाही. ज्या खोट्यावर कॅन्ससमध्ये कारवाई झाली तेच आता उत्तर अमेरिकाभर ऐकू येऊ लागलं.

मेक्सिकोच्या हद्दीत जायची मनाई झाली तेव्हा तो टेलिफोनच्या तारेवरून पलीकडच्या केंद्रावर बोलायचा. त्याला अडवायला १९३४ च्या दळणवळण कायद्यात ३२५ व्या कलमात तरतूद आली : अमेरिकेतल्या स्टुडिओतून परदेशी केंद्राकडे, पुन्हा अमेरिकेतच ऐकू येईल असा कार्यक्रम पाठवायचा असेल तर आयोगाची परवानगी हवी. मग आवाज तबकड्यांवर भरून जाऊ लागला. मेक्सिकोला फ्रिक्वेन्सी मिळाल्या त्या १९३७ च्या हवाना करारात, तो अमलात आला १९४१ मध्ये, आणि त्याच सुमारास एक्सईआरए बंद पडलं.

ब्रिंकलीला खाली आणलं ते मात्र परवाना देणाऱ्या कार्यालयाने नाही. फिशबाइन यांनी १९३८ मध्ये त्याला भोंदू म्हटलं, त्याने अडीच लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि १९३९ मध्ये डेल रिओत, म्हणजे त्याच्याच गावात, त्याच्या शेजाऱ्यांमधून निवडलेल्या ज्यूरीने फिशबाइन यांच्या बाजूने कौल दिला. शस्त्रक्रिया काम करते का, हा प्रश्न जो आयोगाने बाजूला ठेवला होता, तो इथे शपथेवर, उलटतपासणीत विचारला गेला, आणि ब्रिंकलीला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर जुन्या रुग्णांचे दावे एकामागून एक दाखल झाले. १९४१ मध्ये त्याने दिवाळं काढलं. टपालातून फसवणूक केल्याचा खटला उभा राहायच्या आधीच, मे १९४२ मध्ये, सॅन अँटोनिओत त्याचा मृत्यू झाला.

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलेल्या प्रकरणाची जात हीच आहे. दूरचित्रवाणीवर नटनट्यांना घेऊन हनुमान चालीसा यंत्राच्या जाहिराती चालत होत्या. यंत्र घरात ठेवलं की अडचणी दूर होतात असा दावा होता. न्यायालयाने लहरींवर सत्य काय याची चर्चा केली नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा वस्तूला अद्भुत गुण चिकटवून जाहिरात करणं बेकायदा आहे असं ठरवलं, आणि त्या जाहिराती दाखवल्या जाणार नाहीत याची दक्षता घ्यायला सरकारला सांगितलं. दावा नेमका, विक्रेता समोर, कायदा आधीच छापलेला, आणि निर्णय सरकारऐवजी न्यायालयाचा. तक्रार घेऊन गेलेला माणूस साधा शिक्षक होता.

अमेरिकेच्या कायद्यातलं ३२५ वं कलम अजून आहे. २०२० मध्ये मेक्सिकोतल्या एका केंद्रावरून दक्षिण कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या चिनी भाषेतल्या प्रसारणाचा अर्ज आयोगाने त्याच कलमाखाली फेटाळला. त्या केंद्रामागे चिनी माध्यमकंपनीचा हात आहे आणि ती माहिती अर्जात दिलेली नाही, हे कारण होतं.